टेनिसवाल्या पोरांचे डोळे कसे तयार करायचे, लाइटवाली खेळणी न घेता

आधी पोराचा रिअॅक्शन टाइम मोजू. शाळेची ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. पोराला टेबलाशी बसवा, हात टेबलावर आणि मनगट कडेच्या बाहेर, अंगठा आणि पहिलं बोट दोनेक बोटं अंतर ठेवून उघडं. पट्टीचा शून्य त्या फटीत धरा आणि न सांगता सोडून द्या. "सोडू का?" असं विचारायचं नाही, दर वेळी वेगळं थांबायचं, कधी एक सेकंद कधी तीन, नाहीतर पोरं अंदाजानेच चिमटा मारतात आणि आईबाप उगाच खूश होतात. दहा वेळा करा, पहिले दोन सोडून द्या, उरलेल्या आठची सरासरी काढा. पट्टी १५ सेंटिमीटरवर पकडली तर साधारण ०.१७ सेकंद, २० वर ०.२०, २५ वर ०.२३, आणि ३० वर म्हणजे जवळजवळ निसटलीच तर ०.२५. आठ-नऊ वर्षांच्या पोरांच्या हातातून पट्टी सरळ जमिनीवर जाते, ते एकदम नॉर्मल आहे, घाबरून मला मेसेज करू नका.

आता तो आकडा वहीत लिहा आणि वही मिटून ठेवा. कारण हा जो नुसता रिअॅक्शन टाइम आहे ना, तो वयाबरोबर आपोआप कमी होत जातो, विशीपर्यंत सुधारतच राहतो, आणि मधे तुम्ही रोज पट्टी पकडायला लावली तर पोरगं पट्टी पकडण्यात हुशार होईल, टेनिसमध्ये नाही. हे मी ठासून सांगतोय कारण आमच्या क्लबवर दर महिन्याला एखादे पालक फोनवर व्हिडिओ दाखवतात, भिंतीवर रंगीत लाइट लागतायत आणि कुणीतरी परदेशी पोरगं फटाफट थापा मारतंय, "सर हे घेऊया का, रिअॅक्शन वाढेल."

जरा हिशोब करू. बारा वर्षांच्या आतल्या मुलाचा सर्व्ह धरा ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. कोर्ट बेसलाइन ते बेसलाइन, म्हणजे मागची रेघ ते मागची रेघ, २३.७७ मीटर. वाटेत हवा बॉलला स्लो करते, टप्पा पडल्यावर अजून स्लो, म्हणजे रिटर्न करणाऱ्याला ढोबळमानाने सेकंदभर मिळतो. (मोठ्यांचा १८० चा सर्व्ह असेल तर पाऊण सेकंदाच्या आतच कार्यक्रम आटपतो.) आता लाइटच्या खेळण्याने समजा ०.०२ सेकंद वाचले, तर सेकंदातले दोन टक्के. पण जे पोरगं बॉल नेट ओलांडेपर्यंत फोरहँड की बॅकहँड हेच ठरवत नाही त्याचं अर्ध्याच्या आसपास आयुष्य तिथेच संपलं, म्हणजे ०.४ सेकंद वगैरे. बचत कुठे करायची हे वाण्याच्या दुकानातला मुलगा पण सांगेल. हात स्लो नसतो हो, निर्णय उशिरा होतो, आणि निर्णय उशिरा होतो कारण डोळे चुकीच्या वेळी चुकीच्या जागी असतात.

यातली सगळ्यात भारी गोष्ट टेनिस चॅम्पियन आंद्रे अगासीची आहे. दुसरा चॅम्पियन बोरिस बेकर, त्याच्याकडून अगासी पहिल्या तीन मॅच हरला, बेकरचा सर्व्ह त्याला झेपतच नव्हता. मग टेपा लावून लावून बघितल्यावर त्याच्या लक्षात आलं की बेकर टॉस करायच्या, म्हणजे सर्व्हसाठी बॉल वर उडवायच्या आधी जीभ बाहेर काढतो, आणि जीभ कुठल्या बाजूला जाते त्यावरून सर्व्ह कुठे जाणार ते कळतं. पुढे त्यांच्या एकूण १४ मॅचपैकी १० अगासीने जिंकल्या. अगासी स्वतःच सांगतो की अवघड काम जीभ बघायचं नव्हतं, बेकरला संशय येऊ न देणं अवघड होतं, म्हणून प्रत्येक पॉइंटला तो ही माहिती वापरायचा नाही. आता तुमच्या पोराच्या प्रतिस्पर्ध्याची जीभ बाहेर येणार नाही, पण टॉस कुठे जातोय, खांदा किती वळलाय, रॅकेटचं तोंड कुठे उघडतंय हे सगळं बाहेरच दिसत असतं. बघायची सवय लावायची, एवढंच.

सगळ्यात आधी डोळ्यांचा डॉक्टर

हे मी पहिलं लिहायला हवं होतं खरं तर. आमच्याकडे एक मुलगा होता, दहा वर्षांचा, फोरहँड मस्त आणि बॅकहँडला दर दुसरा बॉल रॅकेटच्या फ्रेमवर. मी वर्षभर त्याची ग्रिप बदलत बसलो, पाय बदलले, रॅकेट हलकी घ्यायला लावली, आणि शेवटी शाळेच्या तपासणीत निघालं की एका डोळ्याला चांगलाच नंबर आहे. माझं वर्ष गेलं, त्याचं पण गेलं, आणि त्याला वाटत राहिलं आपला बॅकहँडच वाईट. तेव्हापासून नवीन पोरगं आलं की मी पालकांना आधी डोळे तपासून घ्यायला सांगतो, मग रॅकेटच्या गप्पा.

आणि तपासणी म्हणजे नुसता भिंतीवरचा तक्ता वाचून ६/६ आलं की घरी असं नाही. तक्ता हलत नाही, बॉल हलतो. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की पोरगं टेनिस खेळतं, दोन्ही डोळे एकत्र नीट काम करतात का, जवळ आणताना डोळे आत वळतात का, खोली नीट कळते का, आणि आळशी डोळा तर नाही ना, हे बघा. घरी तुमच्या नजरेला पडण्यासारख्या खुणा म्हणजे बॉल येताना मान तिरकी करणं, एक डोळा बारीक करणं, एकाच बाजूचे बॉल फ्रेमवर लागणं, फ्लडलाइटखाली अचानक खेळ बिघडणं, होमवर्क करताना डोकं दुखणं. चष्मा लागला तर लागला, पॉलीकार्बोनेटची काच आणि मागून पट्टा, बस. चष्म्याची लाज वाटते म्हणून तो बॅगेत ठेवून मॅच खेळणारी पोरं मी बघितलीत, आणि ते माहीत असून गप्प बसणारे पालक पण.

"बॉल बघ!" हे ओरडणं बंद

मी स्वतः कितीतरी वर्षं हेच ओरडलोय, त्यामुळे हात जोडून सांगतो. पोरगं बॉल बघतच असतं, ते काय आकाश बघतंय का. प्रश्न कधी आणि कुठे बघायचा हा आहे. बॉल शेवटच्या मीटर-दोन मीटरमध्ये इतक्या वेगाने जवळ येतो की डोळा त्याच्यामागे सरळ फिरूच शकत नाही, कुणाचाच नाही. क्रिकेटमध्ये २००० साली मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाऊड यांनी बॅट्समनच्या डोळ्यांवर कॅमेरा लावून बघितलं, तर बॅट्समन सुरुवातीला बॉल बघतो आणि मग नजर उडी मारून पुढे जाते, जिथे टप्पा पडणार तिथे आधीच जाऊन थांबते, आणि चांगला बॅट्समन ही उडी लवकर मारतो. टेनिसमध्ये पण टप्प्याची जागा तितकीच महत्त्वाची. म्हणून मी पोरांना तीन जागा सांगतो: समोरच्याच्या रॅकेटवर बॉल लागतो ती जागा, टप्पा, आणि आपल्या रॅकेटवर लागणार ती जागा. मधला प्रवास आपोआप दिसतो.

याचा ड्रिल एकदम साधा आणि फुकट. समोरच्याने मारला की पोराने मोठ्याने "मारला" म्हणायचं, टप्प्याला "टप्पा", आणि स्वतः मारताना "हिट". नुसतं हाफ कोर्टवर हळूहळू, मोठ्याने, लाज न बाळगता. पहिल्या दिवशी ऐका, "टप्पा" हा शब्द टप्पा पडून गेल्यावर येतो, अगदी स्पष्ट उशीर ऐकू येतो, आणि हेच तर हवंय, कारण आता तुम्हाला त्याच्या डोळ्याचा उशीर कानाने मोजता येतो. दोनतीन आठवड्यांत शब्द आणि टप्पा एकत्र यायला लागतात. मग वेग वाढवा. शब्द परत मागे पडले की वेग कमी करा, इगो आणू नका.

आणि हिट झाल्यावर डोकं लगेच वर उचलायचं नाही. फेडररचे फोटो बघा, बॉल गेलेला असतो आणि हा अजून कॉन्टॅक्टच्या जागेकडे बघतोय. बॉल तारांवर फक्त ४-५ मिलिसेकंद असतो, तो तिथे "दिसतो" असं नाही, पण डोकं स्थिर राहिलं की खांदा उघडत नाही आणि फ्रेम लागत नाही. पोरांना मी सांगतो की बॉलचा बाय-बाय नंतर, आधी जागेला नमस्कार.

टॉस वाचायला शिकवणं

हा माझा सगळ्यात लाडका भाग आहे त्यामुळे लांबणार. रिटर्न करणाऱ्या पोराच्या मागे, कोर्टच्या कुंपणाच्या जाळीला टेकून, बाकीच्या तीनचार पोरांना बसवायचं. समोर कुणी मोठं पोरगं किंवा क्लबचा मार्कर (सरावाला खेळणारा माणूस) सर्व्ह करेल. बसलेल्या पोरांनी बॉल नेट ओलांडायच्या आत ओरडायचं: "टी" (मधल्या रेघेकडे), "बॉडी" (अंगावर) किंवा "वाइड" (बाहेरच्या कडेला). नेटनंतर ओरडलेलं बाद. चूक बरोबर मोजायचं, हरणाऱ्याने बॉल गोळा करायचे. पहिल्या दिवशी निव्वळ तुक्का असतो, सगळी पोरं "टी टी" करत बसतात. मग विचारायचं, तुला कशावरून वाटलं? बहुतेकांकडे उत्तर नसतं. तेव्हा एक एक गोष्ट द्यायची, आज फक्त टॉस बघा, डोक्यावर आहे की बाहेर गेलाय की मागे पडलाय. पुढच्या आठवड्यात फक्त खांदे. सगळं एकदम दिलं तर काहीच दिसत नाही.

हे नुसतं माझं डोकं नाही. टेनिसच्या सर्व्हची फिल्म बॉल लागायच्या आसपास कापून लोकांना "कुठे पडेल सांगा" असं विचारायचे प्रयोग १९७८ सालापासून झालेत, आणि अनुभवी लोकांना नवख्यांपेक्षा आधीच जास्त कळतं हे तेव्हाच दिसलं होतं. तुम्ही तेच घरी फोनवर करू शकता. पुढच्या टूर्नामेंटला रिटर्न करणाऱ्याच्या मागून, जाळीच्या भोकातून, सर्व्ह शूट करा (समोरच्या मुलाच्या पालकांना विचारून, प्लीज). रात्री जेवण झाल्यावर रॅकेट बॉलला लागते तिथे पॉज, "कुठे?", उत्तर आलं की प्ले. दहा मिनिटं, दिवसाला वीसेक सर्व्ह, पुरे. पोरांना हे गेमसारखं वाटतं, आमच्या घरी मुलगी मला हरवते आणि मग दोन दिवस ऐकवते.

एक गोष्ट पण महत्त्वाची, वाचलेलं चुकलं तरी चालतं. अंदाज आला म्हणून आधीच त्या बाजूला पळत सुटायचं नाही, नुसतं वजन आणि खांदा तयार ठेवायचा. काही पोरं इतकी उत्साही होतात की वाइड समजून ट्रॅमलाइनमध्ये, म्हणजे कडेच्या पट्ट्यात जाऊन उभी राहतात आणि बॉल टीवरून निघून जातो.

स्प्लिट स्टेप, म्हणजे उडी नाही

स्प्लिट स्टेप, म्हणजे समोरचा मारतो तेव्हा दोन्ही पायांवर हलकं उठून टेकणं, सगळ्यांना येते असं सगळ्यांना वाटतं. बघितलं तर अर्धी पोरं बॉल आपल्याकडे निघून आल्यावर उडी मारतात, म्हणजे हवेत असताना बॉल कुठे जातोय ते कळतं पण पाय जमिनीवर नाहीत, वाया. समोरच्याच्या हिटच्या किंचित आधी हलकं उठायचं आणि बॉल कुठे जातोय हे कळायच्या क्षणी पाय टेकत असले पाहिजेत. उंच नको, जमिनीवरून एक चप्पल निघेल इतकं.

एक गंमत. माणूस आवाजावर प्रकाशापेक्षा जरा पटकन रिअॅक्ट होतो, म्हणून काहीजण शिकवतात की समोरचा "ठक" ऐकून उड. पण बेसलाइनपासून बेसलाइनपर्यंत आवाजाला यायलाच जवळपास ०.०७ सेकंद लागतात, म्हणजे जेवढं कमावलं त्यापेक्षा जास्त रस्त्यातच गेलं. उडी डोळ्यावरच बसवायची.

ड्रिल: मी सर्व्हिस लाइनवर, पोरगं समोर बेसलाइनवर, माझ्या हातात बॉल, आणि मी कधी मारतो कधी नुसता खोटा स्विंग. खऱ्या हिटलाच टेकून सुटायचं, खोट्याला जागच्या जागी. दुसरं, बॉल ड्रॉप. मी दोन्ही हात खांद्याइतके पसरून दोन बॉल धरतो, पोरगं दोनतीन मीटरवर, एक बॉल सोडला की दुसऱ्या टप्प्याच्या आत पकडायचा. जमलं की अर्धा पाऊल मागे. यात रिअॅक्शन, पाय, नजर सगळं आलं आणि खर्च शून्य रुपये.

पावसाळा आणि घर

जून ते सप्टेंबर आमची क्ले कोर्ट बंदच असतात, रोलर पडून आणि पोरं मोबाइलवर. हाच सीझन डोळ्यांचा. सागरगोटे काढा आजीच्या डब्यातून, खरंच सांगतो, एक वर उडवायचा, खालचे उचलायचे, वरचा झेलायचा, म्हणजे एक नजर खाली एक वर, याहून चांगलं हँड-आय ट्रेनिंग मला तरी माहीत नाही. लगोरी, आबाधुबी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये (गाड्यावाले नसताना). क्रिकेटवाल्या घरात मोज्यात बॉल घालून टांगतात ना, तसा टेनिस बॉल दोरीला टांगा, त्यावर मार्कर पेनने चारपाच अक्षरं लिहा, क ख ग काहीही, आणि झुलता बॉल वाचायला लावा. भिंत असेल तर पोराला भिंतीकडे तोंड करून तीन मीटरवर उभं करा आणि तुम्ही त्याच्या मागून बॉल भिंतीवर फेका, आलेला झेलायचा. कधी डावीकडून कधी उजवीकडून. भिंत फिकट पिवळी असेल तर बॉल दिसत नाही, ही तक्रार खरी असते, गडद भिंत शोधा. टेनिसचा बॉल पिवळा झाला तो दिसावा म्हणूनच, १९७२ साली टीव्हीवर दिसावा म्हणून आणला, विंबल्डनने मात्र १९८६ पर्यंत पांढराच चालवला.

कोर्टवर असाल तर बास्केटमधल्या बॉलवर आकडे लिहा, मारायच्या आधी आकडा ओरडायचा. वेगात येणाऱ्या बॉलवर आकडा वाचणं जमणार नाही, हाताने हळू टाकलेल्यावर जमतं, तेवढंच करा. जुने, लाल मातीने माखलेले, केस उडालेले बॉल या ड्रिलला वापरू नका.

लाल, ऑरेंज, ग्रीन या लहान पोरांसाठीच्या स्लो बॉलबद्दल पण बोलून घेतो. पालकांना वाटतं पिवळा दिला की पोरगं लवकर मोठं होतं. लाल बॉल नेहमीच्यापेक्षा ७५ टक्के स्लो, ऑरेंज ५० टक्के, ग्रीन २५ टक्के, आणि २०१२ पासून इंटरनॅशनल टेनिस फेडरेशनचा नियमच आहे की दहा वर्षांखालच्या टूर्नामेंटमध्ये नेहमीचा पिवळा बॉल वापरायचा नाही. कारण आपल्या विषयाचंच आहे, बघायला, ठरवायला आणि पाय हलवायला वेळ मिळाला तरच डोळा शिकतो. वेळच नाही तर पोरगं नुसतं वाचतं, म्हणजे जीव वाचवतं, बॉल वाचत नाही.

यंत्रं, गॉगल वगैरे

लाइटवाले सेट मजेशीर आहेत, वॉर्मअपला ठेवा कुणी फुकट दिले तर. २००१ साली ऑस्ट्रेलियात ब्रूस अॅबरनेथी आणि जोआन वुड यांनी विकत मिळणारे जनरल व्हिजन ट्रेनिंगचे प्रोग्रॅम चार आठवडे करून बघितले, तर टेस्टची सवय होण्यापलीकडे काही फायदा दिसला नाही. वाकड्या उड्या मारणारा तो गाठी-गाठीचा रबरी बॉल, त्याने पोरं हसतात खूप, पण टेनिस बॉल तसा उडत नाही, वाचण्यासारखं त्यात काही नसतंच. झपाझप बंद-चालू होणारे स्ट्रोब चष्मे मुलांना नकोच, फ्लॅशने फिट येणारी मुलं असतात आणि ते आधी माहीत नसतं.

वेळ किती द्यायचा? रोजच्या सेशनमध्ये दहा-बारा मिनिटं, सुरुवातीलाच, डोकं ताजं असताना. शेवटी दमल्यावर डोळ्याचं ड्रिल म्हणजे शिक्षा. आणि झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास लागतात, तेरानंतर ८ ते १०. सकाळी साडेपाचच्या बॅचला येणारं पोरगं रात्री अकरापर्यंत जागं असेल तर हिशोब तुम्हीच करा, त्या दिवशी पट्टी हातातून पडणारच. अचानक उंची वाढायच्या वर्षात पण सगळं बिघडल्यासारखं होतं, हात लांब झालेले असतात आणि डोळ्याला ते अजून कळलेलं नसतं, तेव्हा ड्रिल बदलू नका, थांबा.

फरक पडतोय का हे पट्टीने बघू नका. वीस सर्व्ह घ्या, बॉल नेट ओलांडायच्या आत किती वेळा बरोबर ओरडलं आणि किती रिटर्न आत पडले, दोनच आकडे, तारीख घालून. सहा आठवड्यांनी परत, त्याच मुलाच्या सर्व्हवर, कारण सर्व्हर बदलला की आकडे बदलतात आणि मग पालक मला विचारतात की हे काय झालं.